कोणी मोजायचं, कोणी सांगायचं

१९२८च्या अखेरीस पुण्याची एक तरुण बाई बर्लिनला जाऊन माणसांच्या कवट्या मोजायला बसली. तेव्हा तिचं तेविसावं वर्ष सरत होतं. फर्ग्युसनची तत्त्वज्ञानाची पदवी आणि मुंबईची समाजशास्त्राची पदव्युत्तर पदवी तिच्याजवळ होती. सासर कर्व्यांचं. ज्या संस्थेत ती दाखल झाली ती दालेम भागात वर्षभरापूर्वीच उघडली होती. मानवशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्र हे संस्थेचे विषय. संचालक ऑयगेन फिशर. जर्मनीच्या ताब्यातल्या नैऋत्य आफ्रिकेत, म्हणजे आजच्या नामिबियात, जाऊन फिशर यांनी १९०८ साली रेहोबोथच्या मिश्र वंशाच्या लोकांचा अभ्यास केला होता, आणि त्या अभ्यासावर जर्मन विद्वानांत त्यांचा दबदबा बसला होता.

त्यांनी या विद्यार्थिनीला एक प्रश्न दिला. माणसाच्या कवटीची डावी आणि उजवी बाजू तंतोतंत सारखी नसते, तर हा फरक वंशागणिक बदलतो का? वरवर पाहता प्रश्न साधा आहे. पण त्याच्या पोटात एक गृहीत दडलेलं होतं. गोऱ्या युरोपियन माणसाची बुद्धी अधिक तर्कशुद्ध, म्हणून त्याच्या मेंदूची आणि पर्यायाने कवटीची ठेवणही वेगळी निघणार, असं ते गृहीत. इरावती कर्व्यांनी १४९ कवट्या मोजल्या. त्यांतल्या कित्येक जर्मनीच्या आफ्रिकी वसाहतींतून आणलेल्या होत्या. त्या माणसांना किंवा त्यांच्या नातलगांना कोणी काही विचारलेलं नव्हतं. मोजून झाल्यावर बाईंनी लिहिलं की असमानता सगळ्याच कवट्यांत आहे आणि वंशाशी तिचा संबंध दिसत नाही. गुरूच्या संस्थेत बसून, गुरूनेच दिलेल्या प्रश्नाला, गुरूला नको असलेलं उत्तर त्यांनी दिलं, आणि १९३० साली पदवी घेऊन त्या घरी परतल्या.

पुढे काय झालं हे सगळ्या जगाला माहीत आहे. १९३३ साली नाझी सत्तेवर आले आणि फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्याच वर्षी सक्तीच्या नसबंदीचा कायदा आला. १९३७ साली ऱ्हाइनलँडमधल्या आफ्रिकी बापांच्या आणि जर्मन आयांच्या मुलांना गुपचूप पकडून त्यांची नसबंदी करण्यात आली. त्या मुलांच्या वंशाचे दाखले द्यायला फिशर आणि त्यांच्यासारखेच विद्वान होते. आणखी काही वर्षांनी आउश्वित्झमधून माणसांच्या शरीराचे भाग तपासणीसाठी याच दालेमच्या संस्थेत येऊ लागले. जे मोजमाप इरावतीबाईंनी खोटं ठरवलं होतं, त्याच जातीच्या मोजमापावर माणसं मारली गेली.

पुण्यात इरावती कर्व्यांचं नाव काढलं की लोकांना त्यांची स्कूटर आठवते, कुंकू आणि मंगळसूत्राशिवायचा उंच बांधा आठवतो, ‘युगान्त’ हे महाभारतावरचं पुस्तक आठवतं. नवऱ्याला चारचौघांत ‘दिनू’ म्हणून हाक मारायच्या हेही आवर्जून सांगतात. त्या १४९ कवट्यांबद्दल मात्र कोणी बोलत नाही. मी या शहरात समाजशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलं. वंश, लिंगभाव, लैंगिकता हे शब्द फळ्यावर लिहिले की वर्गातला एखादा मुलगा हमखास विचारायचा, ‘मॅडम, हे सगळं अमेरिकेतून आलेलं ना?’ त्याचा काही दोष नव्हता. क्रमिक पुस्तकात नावं तिकडचीच असायची. पण या अभ्यासाला पुण्यात स्वतःचा इतिहास आहे, तो पावणेदोनशे वर्षांचा आहे, आणि तो या शहराने आपल्या मुलांना धड सांगितलेला नाही.

सुरुवात करायची तर मुक्ता साळवेपासून केली पाहिजे. जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी ही मातंग समाजाची मुलगी. १८५५च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ‘ज्ञानोदया’त तिचा निबंध दोन भागांत छापून आला. विषय होता मांग-महारांचं दुःख. पेशवाईत आपल्या लोकांचे काय हाल झाले हे तिने लिहिलंच, पण बाळंत होणाऱ्या मांग-महार बायकांच्या डोक्यावर छप्पर नसतं, थंडीवाऱ्यात त्यांचे काय हाल होतात, हेही लिहिलं. जात आणि बाईपण ही दोन ओझी एकाच शरीरावर कशी पडतात, हे सांगायला तिला कोणत्याही सिद्धान्ताची गरज पडली नाही. पुढे १८८२ साली ताराबाई शिंद्यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ पुण्यातच छापलं गेलं. विधवेने पाप केलं म्हणून सगळे तिच्याकडे बोट दाखवत असताना त्या बुलढाण्याच्या बाईने ते बोट पुरुषांकडे वळवलं. या दोघीही विद्यापीठातल्या नव्हत्या. पुण्याला तेव्हा विद्यापीठच नव्हतं. पण ज्याला आपण आज अभ्यासविषय म्हणतो त्याचे मूळ प्रश्न त्यांनी मांडून ठेवले होते.

मग येतं कर्व्यांचं घर. १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या गोदूबाई या विधवेशी लग्न केलं आणि गावाने त्यांना वाळीत टाकलं. पहिल्या बायकोपासूनचा त्यांचा मुलगा रघुनाथ. गोदूबाईंच्या, म्हणजे आनंदीबाईंच्या, मुलांपैकी एक दिनकर. वडलांनी विधवांचं शिक्षण हाती घेतलं. थोरल्या मुलाने त्याच्याही पुढचा, बोलायलाच बंदी असलेला विषय उचलला. रघुनाथरावांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी गमावली, आणि १९२७च्या जुलैपासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं ते १९५३ साली मरेपर्यंत. बाईलाही शरीरसुखाचा हक्क आहे, हस्तमैथुन हा रोग नाही, समलिंगी ओढ म्हणजे गुन्हा नव्हे, हे त्यांनी मराठीत, वाचकांच्या पत्रांना उत्तर देत, महिन्यामागून महिने लिहिलं. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. ते खटला हरले, दोनशे रुपये दंड झाला, आणि रघुनाथरावांनी पुढचा अंक काढला. लैंगिकतेचा अभ्यास करणाऱ्याला समाज काय किंमत मोजायला लावतो हे पाहायचं असेल तर ‘समाजस्वास्थ्या’चे अंक चाळावेत. वर्गणीदार थोडे आणि कर्ज कायमचं.

इरावतीबाई या घरात सून म्हणून आल्या. त्यांचा जन्म १५ डिसेंबर १९०५चा, ब्रह्मदेशातला. वडील गणेश हरी करमरकर तिथे इंजिनियर होते. तिकडच्या मोठ्या नदीवरून मुलीचं नाव ठेवलं. सातव्या वर्षी तिला पुण्याला हुजूरपागेत शिकायला पाठवलं. तिथे रँग्लर परांजप्यांच्या शकुंतलेशी तिची मैत्री जुळली आणि पुढे परांजप्यांचं घर हेच तिचं दुसरं घर झालं. फर्ग्युसनचे प्राचार्य असलेल्या या नास्तिक माणसाच्या घरात पुस्तकं होती, वाद होते, आणि मुलीने काय वाचावं याला मनाई नव्हती. एका अभ्यासिकेची घडण अशी होते. विद्यापीठ त्यानंतर येतं. याच शकुंतला परांजपे पुढे पुण्यात संततिनियमनाचा सल्ला देत वस्त्यांतून हिंडल्या आणि ‘समाजस्वास्थ्या’त लिहीत राहिल्या. म्हणजे एका घरात वाढलेल्या दोन मुलींपैकी एक वंशाच्या आणि नात्यागोत्याच्या अभ्यासाकडे गेली आणि दुसरी बायकांच्या गर्भाशयाच्या प्रश्नाकडे. मला ही जोडी नेहमीच फार मोलाची वाटत आली आहे, आणि शकुंतलाबाईंचं ऋण पुण्याने इरावतीबाईंच्या मानाने खूपच कमी मानलं आहे.

मुंबईत गो. स. घुर्यांच्या हाताखाली इरावतीबाईंनी आपल्याच जातीचा, चित्पावनांचा, अभ्यास केला. पुढे जर्मनीला जायचं म्हटल्यावर धोंडो केशवांना, म्हणजे महर्षी कर्व्यांना, ते पसंत पडलं नाही. बायकांच्या शिक्षणासाठी जन्म वेचलेल्या सासऱ्याचा विरोध, आणि नवरा मात्र ठाम पाठीशी. दिनकररावांनी स्वतः जर्मनीत रसायनशास्त्राची डॉक्टरेट केली होती. पैसे डॉ. जीवराज मेहतांनी कर्जाऊ दिले. महर्षींचं मोठेपण मी कमी लेखत नाही. पण सुधारणेला घरातल्या घरात कुठे अडखळायला होतं हे लपवूनही काही मिळत नाही.

परतल्यावर काही वर्षं त्या नाथीबाई ठाकरसी महिला विद्यापीठाच्या कुलसचिव होत्या. मग १९३९ साली येरवड्याजवळचं डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून नव्याने सुरू झालं आणि त्या तिथे समाजशास्त्राच्या प्रपाठक म्हणून रुजू झाल्या. शेवटपर्यंत त्यांचं काम तिथलंच. पुरातत्त्वाचे ह. धी. सांकलिया त्यांचे सहकारी. गुजरातेत लांघणजला मध्याश्मयुगीन माणसांचे सांगाडे निघाले तेव्हा दोघं मिळून त्या उत्खननात होते.

आणि इथेच मला अडखळायला होतं. ज्या बाईने बर्लिनमध्ये कवटीवरून माणसाची लायकी ठरत नाही हे दाखवलं, तिनेच भारतात आल्यावर मोजमापाची हत्यारं खाली ठेवली नाहीत. कॅलिपर घेऊन त्या मलबारपासून खानदेशापर्यंत हिंडल्या. जातीजातींची डोकी, नाकं, उंची मोजली. १९५१ साली वि. म. दांडेकरांबरोबर महाराष्ट्रातल्या लोकांच्या शरीरमापांचा ग्रंथ काढला. एखाद्या भिल्ल बाईच्या कपाळाला थंडगार लोखंड लावून आकडा लिहून घ्यायचा, यात बरोबरीचं नातं असूच शकत नाही. मोजणारी उभी, मोजली जाणारी बसलेली. सरकारी माणूस आलाय असं समजून कित्येक जण बसत असणार. आजच्या विद्यार्थ्याला हे पटणार नाही, आणि पटू नये.

पण निष्कर्ष पाहिले पाहिजेत. महाराष्ट्रातले ब्राह्मण हा एकाच मुळापासून फुटलेला एक गट आहे, ही समजूत त्यांनी याच आकड्यांनी मोडली. चित्पावन, देशस्थ ऋग्वेदी, माध्यंदिन, कऱ्हाडे यांची मापं एकमेकांशी जुळत नाहीत, हे त्यांनी दाखवलं. कैलाशचंद्र मल्होत्रांबरोबर त्यांनी एकाच पायरीच्या आठ अंतर्विवाही ब्राह्मण गटांची जीवशास्त्रीय तुलना केली. तो निबंध १९६८ साली आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला आणि त्यावर जगभरातल्या अभ्यासकांनी मतं दिली. एकसंध समाज फुटून जाती झाल्या असं घुरे मानत. इरावतीबाईंनी उलट म्हटलं: आधीपासूनच वेगवेगळे असलेले गट शेजारी येऊन बसले, लग्नं मात्र आपापल्यात करत राहिले, त्याला आपण वर्णाची चौकट लावली. रक्ताच्या शुद्धतेचा अभिमान बाळगणाऱ्या सदाशिव पेठेच्या पुण्यात बसून हे लिहायला छाती लागत होती. मोजमाप त्यांनी सोडलं नाही, हा माझा त्यांच्यावरचा खरा आक्षेप. पण ते मोजमाप त्यांनी वरच्या जातींच्या अहंकाराविरुद्ध वापरलं, हे त्याच दमात सांगणं भाग आहे.

त्यांचं सगळ्यात टिकलेलं काम मात्र कॅलिपरचं नाही. ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ हा १९५३चा ग्रंथ माणसं एकमेकांना काय म्हणतात यावर उभा आहे. त्यांनी देशाचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे नात्यागोत्याचे चार पट्टे पाडले. उत्तरेत मुलगी लांबच्या, अनोळखी गावात दिली जाते. माहेरी ती गावाची लेक, सासरी तोंडावर घुंघट. दक्षिणेत मामाशी किंवा मामेभावाशी लग्न होतं, म्हणजे सासर हे आधीपासूनचंच घर. महाराष्ट्र मधला. हे मी वर्गात पुस्तकातून शिकवत नसे. मुलांना म्हणायची, घरी जाऊन आजी आपल्या सासऱ्यांना काय हाक मारायची ते विचारून या. दुसऱ्या दिवशी फळा भरून जायचा. बहुतेक मराठी घरांतून सासऱ्याला ‘मामंजी’ आणि सासूला ‘आत्याबाई’ यायचंच. मग विचारायची, आपल्याकडे सासरा मामा कसा झाला आणि सासू आत्या कशी? क्षणभर वर्ग शांत, आणि मग मागच्या बाकावरून मिरज-कोल्हापूरकडची एखादी मुलगी म्हणायची, ‘आमच्यात मामाच्या मुलीवर पहिला हक्क असतो.’ हक्क कोणाचा, कोणावर, हा पुढचा प्रश्न मला विचारावा लागत नसे. मुलीच विचारायच्या. तास संपून जायचा पण चर्चा जिन्यावर चालू राहायची.

नातं हे नियमांनी बांधलेलं असतं आणि त्या नियमांत बाईचं शरीर मध्यभागी असतं, ही इरावतीबाईंची दृष्टी ‘युगान्ता’त उतरली. १९६६ साली भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं जवळजवळ अर्ध्या शतकाचं काम पुरं झालं, आणि १९६७ साली ‘युगान्त’ आलं. दोन्ही पुण्यातच. धर्मराज हा विदुराचा मुलगा असू शकेल, ही त्यांची शंका अनेकांना झोंबली. पण ती शंका दिराकडून संतती घेण्याच्या जुन्या नियमावर बेतलेली होती. नातेसंबंधांवर आयुष्य घातलेली बाई कुंतीकडे पाहते तेव्हा तिला देवांच्या आधी घरातला दीर दिसतो. गांधारी, कुंती, द्रौपदी यांना त्यांनी देवघरातून उठवून माणसांत बसवलं. १९६८ साली या पुस्तकाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि तो योग्यच होता.

तरी त्यांचं माझ्या मते सर्वांत प्रामाणिक लेखन म्हणजे वारीवरचा ‘वाटचाल’ हा लेख. ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर त्या पंढरपूरला चालत गेल्या. दिंड्या जातवार वेगळ्या, ब्राह्मणांची पंगत वेगळी, मराठ्यांची वेगळी, हे त्यांना रोज टोचत राहिलं. दिवसभर एकच अभंग गायचे आणि संध्याकाळी चुली वेगळ्या. मग त्या मराठा बायकांबरोबर जेवल्या. त्यानंतर बायका जवळ आल्या, हात धरून चालू लागल्या, आपली दुःखं सांगू लागल्या, त्यांना ताई म्हणू लागल्या. वाट संपत आली तेव्हा कोणी तरी म्हणालं, ताई, आम्ही पुण्याला तुमच्याकडे येऊ. त्यावर एका तरुण मुलीने शंका काढली की तेव्हाही तुम्ही आमच्याशी आत्तासारखंच वागाल का. इरावतीबाईंनी हे लिहून ठेवलं. सारवासारव केली नाही, उत्तरही दिलं नाही. पंढरीला जाणाऱ्या लोकांचा देश तो महाराष्ट्र, ही त्यांची त्याच लेखातली व्याख्या सगळे वापरतात. त्या मुलीचा प्रश्न कोणी वापरत नाही. अभ्यास करणारी आणि जिचा अभ्यास होतो ती, यांच्यातलं अंतर त्या प्रश्नात मोजलेलं आहे, आणि मोजणारी या वेळी ती मुलगी आहे.

या अंतराचा पुरावा मला फलटणमध्ये सापडतो. १९६५ साली इरावतीबाईंनी सहकाऱ्याबरोबर या वाढत्या गावाचा आणि त्याच्या आसपासच्या भागाचा सामाजिक अभ्यास प्रसिद्ध केला. कोण कुठल्या पेठेत राहतं, कोण कोणाकडे जातं-येतं, बाजाराला कुठून माणसं येतात, अशी काळजीपूर्वक केलेली पाहणी. त्याच फलटणमध्ये बेबी कांबळे नावाची बाई छोटं दुकान चालवत होती. जन्म १९२९चा, महार समाजातला, घडण आंबेडकरी चळवळीतली. दुकानात बसल्या बसल्या, नवऱ्याला कळू न देता, ती आपल्या लोकांची हकिगत लिहीत होती. कागद लपवून ठेवायचे, गिऱ्हाईक नसलं की काढायचे. १९८६ साली त्याचं ‘जिणं आमचं’ हे पुस्तक झालं. सासूने सुनेला घातलेला खोडा, बाळंतिणीची उपासमार, नवऱ्याने कापलेलं बायकोचं नाक, आणि मग बाबासाहेबांचं भाषण ऐकून बायकांनी पोरांना शाळेत घालणं, हे सगळं त्यात आहे. समाजशास्त्राच्या पाहणीच्या कोष्टकात यातलं काही मावलं नसतं. इरावतीबाईंसारखी माणसांच्या अंगाजवळ जाणारी अभ्यासिका त्याच गावात वावरली, आणि तरीही हे तिला कोणी सांगितलं नाही. का सांगावं? उद्याही ती तशीच वागेल याची खात्री कुठे होती?

११ ऑगस्ट १९७० रोजी इरावतीबाई गेल्या. आदल्या वर्षी कोयना धरणाने उठवलेल्या माणसांवरचा त्यांचा अहवाल निघाला होता. विस्थापितांची कशी परवड झाली हे त्यांनी गावोगाव जाऊन नोंदवलं. शेवटच्या वर्षांत कवट्यांवरून त्या बुडालेल्या गावांवर आल्या होत्या.

१९८७ साली पुणे विद्यापीठात स्त्री अभ्यास केंद्र सुरू झालं. विद्युत भागवतांनी ते उभं केलं. पुढे त्याला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव मिळालं. विद्यापीठालाच हे नाव मिळायच्या बऱ्याच आधीची ही गोष्ट. आणि या केंद्राचं नाव ज्यांच्यामुळे देशभर झालं त्या शर्मिला रेगे. जन्म १९६४चा. समाजशास्त्र शिकवत होत्या, तिथून स्त्री अभ्यासाकडे आल्या. १९९५ साली त्यांनी लावणी कलावंतिणींवर निबंध लिहिला. लावणीवर मराठीत तोवर जे लिहिलं जाई ते शृंगाराच्या रसग्रहणाचं. रेगे यांनी विचारलं, नाचणारी कोणत्या जातीची आणि बघणारा कोणत्या? पेशवाईतल्या नाटकशाळा, विकत घेतलेल्या कुणबिणी, कोल्हाटी-महार-मांग बायकांचं नाचणं, आणि दुसऱ्या बाजूला वाड्यातल्या बाईचं सोवळं. त्यांनी दाखवलं की या दोन वेगवेगळ्या गोष्टी नाहीत. एका बाईची अब्रू राखायची म्हणून दुसरी उपलब्ध ठेवायची, अशी ती व्यवस्था होती, आणि जात त्या व्यवस्थेची राखण करत होती. आजही पाडव्याला नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लागतात, गावोगावचे कारभारी जत्रेच्या सुपाऱ्या द्यायला येतात. तिथे उभं राहून हा निबंध वाचावा. शनिवारवाड्यापासून ते गाव काही तासांवर आहे.

१९९८ साली त्यांनी दलित स्त्रीवादी भूमिकेची मांडणी केली. तिचा रोख आम्हां उच्चवर्णीय स्त्रीवाद्यांवर होता. आम्ही ‘स्त्री’ म्हणत होतो तेव्हा आमच्या डोळ्यांसमोर आमच्यासारखीच बाई होती, आणि दलित बायकांचा प्रश्न आम्ही त्यांच्यावर सोपवून मोकळ्या झालो होतो. हे वाचून पुण्यातल्या पुष्कळ बैठकांत तणाव झाला. २००६च्या ग्रंथात त्यांनी बेबी कांबळे, शांताबाई दाणी, कुमुद पावडे, ऊर्मिला पवार यांच्या आत्मकथनांना पुरावा म्हणून नव्हे, विचार म्हणून वाचलं. फरक इथे आहे. बेबी कांबळे अभ्यासाचा विषय राहिल्या नाहीत, त्या अभ्यासाच्या शिक्षक झाल्या. शेवटचं पुस्तक २०१३चं, बाबासाहेबांच्या ब्राह्मणी पितृसत्तेवरच्या लेखनाचं संपादन. जातीबाहेर लग्न करू न देणं हाच जातीचा पाया, आणि त्यासाठी बाईच्या शरीरावर पहारा, हे बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठातल्या चर्चासत्रात मांडलं होतं. आपल्या स्त्री अभ्यासाने ते जवळजवळ ऐंशी वर्षं बाजूला ठेवलं. रेगे यांनी ते मध्यभागी आणलं. १३ जुलै २०१३ रोजी कर्करोगाने त्या गेल्या तेव्हा पन्नाशीही गाठली नव्हती. मागे राहिले ते विद्यार्थी. त्यांतले कितीतरी आपापल्या घरातून विद्यापीठात येणारे पहिलेच, आणि इंग्रजी येत नाही म्हणून मागे बसणाऱ्यांना मराठीत विचार करायला शिकवणारं एक केंद्र.

इरावतीबाई आणि रेगे या दोघींना एकमेकींविरुद्ध उभं करायची पुण्याला खोड आहे. एक ‘युगान्त’वाली, दुसरी ‘आंबेडकरी’. मला ते मान्य नाही. इरावतीबाईंनी वंशश्रेष्ठत्वाचा आकडा आतून मोडला नसता, जातीच्या शुद्धतेला पुराव्याने धक्का दिला नसता, तर पुढच्या पिढीला बरीच वाट पुन्हा चालावी लागली असती. आणि रेगे यांनी मोजणाऱ्याच्याच जागेवर बोट ठेवलं नसतं तर आपण अजूनही लोकांची डोकी मोजत राहिलो असतो.

२०१७ साली बारावी पंचवार्षिक योजना संपली तेव्हा देशभरातल्या स्त्री अभ्यास केंद्रांचं अनुदान चालू राहणार की नाही, याची टांगती तलवार आली. कंत्राटी नेमणुका आणि वर्षावर्षाची मुदतवाढ यावर असा अभ्यास चालत नाही. इरावतीबाईंना डेक्कन कॉलेजात तीस वर्षांची स्थिर जागा मिळाली, म्हणून त्यांचं काम झालं. पुण्याच्या नागरिकांनी, माजी विद्यार्थ्यांनी आणि प्रत्येक महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी या केंद्रातल्या पदांसाठी विद्यापीठाकडे आणि सरकारकडे लेखी मागणी केली पाहिजे. आणि समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना ‘वाटचाल’ हा लेख आणि ‘जिणं आमचं’ हे पुस्तक ही दोन्ही एकाच आठवड्यात वाचायला द्यावीत. दोन्ही मराठीत आहेत आणि दोन्ही ग्रंथालयांत मिळतात.